सगुणेची खिडकी

खाजणवाडीत पाऊल टाकल्याबरोबर पाहुण्यांना पहिला प्रश्न पडतो तो मोगऱ्यांचा. फुलांचा नव्हे, सुताराच्या लाकडी मोगरीचा. इथे घर कौलारू असो की सिमेंटचं, खाडीकडे तोंड केलेली एक लाकडी खिडकी त्याला असतेच, आणि त्या खिडकीशेजारी खुंटीला एक मोगरी टांगलेली असते. तिने कुणी खुंटा ठोकत नाही, की नारळ फोडत नाही. दसऱ्याला तिला फूल वाहतात आणि पुन्हा टांगतात. गावातली मुलगी सासरी निघाली की वऱ्हाडासमोर ती खिडकी तिने एका बोटाने उघडून दाखवायची असते. नाही उघडली तर वरात थांबते. एकदा म्हणे खिडकी अडली, रंधा मारायला सुतार मिळेना, आणि वऱ्हाडी तिसऱ्या पंगतीला बसले. जेवण इतकं रुचलं की खिडकी उघडल्यावरही उठेनात. हे खरं की खोटं ते त्या वऱ्हाडालाच ठाऊक. पण रीत का पडली, ते मात्र गावात कुणी हसत सांगत नाही.

फार वर्षांपूर्वी इथे लवू मेस्त्री नावाचा सुतार होता. त्याच्या खिडक्यांची कीर्ती अशी, की घरातल्या म्हाताऱ्याला शिंक आली की चारही झडपा आपसूक उघडायच्या आणि शेजारीण विचारायची, सर्दी झाली का म्हणून. वाऱ्याने त्या कधी आपटल्या नाहीत, पावसाने कधी फुगल्या नाहीत. गुपित काही नव्हतं. गावाबाहेरच्या तळीत लवू फणसाचे, सागाचे ओंडके दगडांखाली बुडवून ठेवी आणि वर्षानुवर्षं तसेच मुरू देई. मग सावलीत वाळवी. मग बाहेरचं पांढरं, कोवळं लाकूड तासून टाकी आणि आतल्या पिवळ्या गाभ्याचीच खिडकी करी. कुणी घाई केली तर म्हणे, जेवण झाल्याबरोबर नाचायला लावलं तर तुम्ही नाचाल का? आणि खिडकी बसवून निघताना घरधनिणीला बजावी, पावसाआधी दरसाल उंडीचं तेल पाजायचं, बिजागऱ्यांना वेगळं. विसरलीस तर मी ती काढून नेईन. एकदोघांच्या खरंच नेल्या, असं सांगतात.

सगळ्या गावाला खिडक्या, आणि लवूच्या स्वतःच्या घराला? खाडीकडच्या भिंतीत एक भोक आणि त्यावर माडाचा झाप. बायको देवकी टोमणे मारी. म्हणे, मेस्त्रीच्या घरी वाराही वाकून येतो. लवू हसे. लेक सगुणा जन्मली त्या दिवशी त्याने एक देखणा फणसाचा ओंडका तळीत सोडला होता. ही खिडकी तिची, असं तो सगळ्यांना सांगे. सगुणा लहानपणी तळीच्या काठी बसून ओंडक्याला विचारायची, "मुरलंस काय रे?"

ओंडका मुरला, वाळून तयार झाला. त्याच साली गावच्या खोताने नवं घर बांधलं आणि त्याला खिडकीला लाकूड कमी पडलं. खोताचा माणूस अंगणात येऊन बसला. नाही म्हणायला लवूची जीभ रेटेना. सगुणेचं लग्न अजून लांब आहे, दुसरा ओंडका टाकू, असं त्याने मनाशी धरलं आणि लेकीचं लाकूड खोताच्या घराला लागलं. दुसरा ओंडका टाकायचं मात्र राहून गेलं.

आणि लग्न लांब राहिलं नाही. खाडीपलीकडच्या घरातून मागणी आली, मुलगा चांगला, आणि त्यांना पावसाआधी कार्य उरकायचं होतं. लवूने अंगणातला उभा फणस पाडला. चीक वाहत असताना त्याच्या फळ्या काढल्या, आणि हळद लागायच्या आत खिडकी उभी केली. कोवळं लाकूड, ओलं लाकूड. दुसऱ्या कुणी असली खिडकी केली असती तर लवूने ती चुलीत घातली असती. पण नक्षी अशी काढली, की झडपांवरचे पोपट बघून वऱ्हाडातली पोरं त्यांना पेरू दाखवू लागली. एक पावसाळा कसाबसा निघेल, मग बघू, असं तो स्वतःला समजावीत राहिला.

निघताना सगुणेने त्या खिडकीतून पलीकडचा तीर पाहिला. बापाला म्हणाली, "बाबा, हय रोज दिवो ठेवा. दिवो दिसलो की मी समजान, तुमी दोघा बरी आसात."

दिवा रोज लागू लागला. पलीकडे सगुणा अंगणात येऊन तो बघे आणि मगच चुलीला फुंकर घाली. पाऊस आला, खाडीतली नावेची ये-जा बंद पडली, माणसांचं येणंजाणं थांबलं. दिवा तेवढा खाडी ओलांडून जात राहिला.

मग एके दिवशी झड लागली. पाणी आत येऊ लागलं म्हणून देवकीने झडपा ओढून घेतल्या. संध्याकाळी दिवा ठेवायला गेली तर त्या उघडेनात. ओलं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं आणि चौकटीत रुतून बसलं होतं. लवूने खांदा लावला, पटाशी घातली. पोपटाचा पंख तडकू लागला तसा त्याने हात मागे घेतला. घराचं दार डोंगराच्या अंगाला. बाहेर दिवा न्यावा तर वारा टिकू देईना.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. देवकी म्हणाली, "ती खिडकी फोडा. चेडू तकडे वाट बघीत आसतला."

"लाकूड ओला हा. ऊन पडला की आपसूक सुटतला," लवू म्हणाला. मोगरी त्याच्या हातात होती. त्याने ती खाली ठेवली.

ऊन पडलं नाही. पलीकडे सगुणा रोज अंगणात येऊन काळोखाकडे बघत राहिली. बाबा आजारी, की आई? की दोघंही? घरची माणसं लावणीला शेतात गेलेली. तिने सासऱ्याची होडी सोडली आणि उधाणाच्या खाडीत घातली.

होडी काठच्या कांदळीच्या झाडांत पालथी सापडली. सगुणाही तिथेच, मुळांमध्ये.

तिला माहेरच्या अंगणात आणून ठेवलं तेव्हा लवू आत गेला. मोगरी उचलली आणि त्याने खिडकीवर एक घाव घातला. एकच. झडपा चौकटीसकट बाहेर पडल्या. एवढ्या एका घावाचंच काम होतं ते. त्या उघड्या भगदाडात त्याने दिवा ठेवला आणि पलीकडे बघत बसून राहिला. देवकीने त्याला दोष दिला नाही म्हणतात, आणि तेच त्याला सोसवलं नाही.

त्यानंतर लवूने नक्षी कधी काढली नाही. घरोघर जाऊन खाडीकडची खिडकी तपासली, तेल पाजलं, आणि शेजारी एकेक मोगरी टांगली. लोकांनी विचारलं, तुझी खिडकी कधी अडते रे, मग ही कशाला? तो म्हणाला, "अडली तर फोडूक. इचार करीत बसा नको."

आजही खाजणवाडीच्या लेकी पलीकडच्या तीरावर नांदतात आणि तिन्हीसांजेला माहेरच्या दिव्याकडे बघतात. हातात मोबाईल असतो, तरी बघतात. दिवा नसला तर फोन करून आईला झापतात, आणि वीज गेली होती हे कारण चालत नाही. आजही मे महिन्यात माहेरी आलेली लेक आधी खिडकीला उंडीचं तेल लावते, मग फणस खाते.

आणि तळीच्या तळाशी, पाणी नितळ असलं तर, दगडांखाली एक ओंडका दिसतो. सगुणेला मसणवटीत पोचवून आल्यावर लवूने तो टाकला असं सांगतात. गावात केवढी घरं उठली, लाकडाची केवढी ओढाताण झाली, पण त्याला कुणी हात लावला नाही. नवा सुतार आला आणि त्याने विचारलंच, तर म्हातारी माणसं एवढंच सांगतात, की ते लाकूड दिलेलं आहे. सगुणेच्या खिडकीचं आहे. अजून मुरतंय.