ताकाची वाट

“बुवा, हिरवळ तर धरली. आता मंत्र कधी देताय?”

श्रीरंगाने हे विचारलं तेव्हा मी ताकाचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. खरं तर तांब्या ठेवून लगेच निघायचं. पण असं काही चाललेलं असलं की माझा पाय निघत नाही.

दामूबुवांचा मठ आमच्या घराला लागून, पुळणीवर. पुढचं अंगण कित्येक वर्षं उजाड. नुसती वाळू आणि गोखरूचे काटे. श्रीरंग मोठमोठ्या मठांतून राहून आलेला. आल्या आल्या मंत्र मागितला.

बुवा म्हणाले होते, “अंगणात हिरवळ धरू दे. मग बघू.”

पोरगा कामाला वाघ! वाळूत शेणखत कालवलं, पालापाचोळा कुजवून घातला, हरळीच्या काड्या टोचल्या. वाळूत पाणी ठरतंय कुठे? म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा शिंपायचा. भोवती काट्यांचं कुंपण आणि त्यावर पाटी: ‘पाय ठेवू नये’.

“काकी, वळसा घालून या!” रोज माझ्यावर ओरडायचा.

“वळसा घालेपर्यंत ताक आंबेल रे,” म्हणत मी आपली कुंपणाच्या फटीतून सरळ हिरवळीवरून.

तर बुवा ओटीवरून उतरले. अंगण बघून लहान मुलासारखे हसले.

“झकास झालंय की!”

“एवढा एक डाग राहिलाय.” श्रीरंगाने माझ्याकडे बोट केलं. “ह्या काकींची वाट. बघा, कशी चपटी पट्टी पडलीय. नाहीतर...”

आता माझं येणंजाणं बंद होतंय बहुतेक.

“उपट,” बुवा म्हणाले.

“काय?”

“गवत. ते मधलं, ताठ उभं आहे ते.”

श्रीरंगाचा चेहरा पडला. वाकून त्याने मूठभर हरळी धरली, जरा ओढली. अख्खी वेल अलगद वर आली. मुळं लोंबत होती, वाळू झडत होती.

“आता काकीच्या वाटेवरचं उपट.”

त्याने एका हाताने ओढलं. मग दोन्ही हातांनी. मग टाच रोवून जोर लावला, तशी पाती तुटली आणि स्वारी धपकन मागे बसली!

मला हसू आवरेना. बुवा हसले. मग श्रीरंगही, बसल्या बसल्या.

...

बराच वेळ तो हातातल्या तुटक्या पात्यांकडे बघत राहिला. मग माझ्या पायांकडे. मी आपले पाय लुगड्यात ओढून घेतले.

तो उठला. पाटी काढली. कुंपणाचे काटे एका कडेला ओढले. चपला काढून हिरवळीवर उभा राहिला आणि हळूच विचारलं,

“बुवा... मंत्र?”

बुवांनी माझ्या हातातला ताकाचा तांब्या घेऊन तोंडाला लावला. सगळं संपवलं, मिशी पुसली आणि माझ्याकडे वळले.

“मालन, उद्यापासून जरा वाकडीतिकडी येत जा. एवढा मोठा मंत्र एका पायवाटेत मावायचा नाही.”