जीपचे इंजिन

एकदा एका वृद्ध मिस्त्रींकडे वाळूतून चालणारी गाडी बनवण्याचे काम आले. मिस्त्रींचे नाव जिवाजी; पंचक्रोशीतले लोक त्यांना अण्णा म्हणत. काम घेऊन आल्या होत्या खाडीपलीकडच्या वस्तीच्या सरपंच, कमळजाबाई. त्यांच्या वस्तीपासून रस्त्यापर्यंत दोन मैल नुसती वाळू, आणि मध्ये एक उंच टेकाड. आजारी माणसाला डोलीत घालून न्यावे लागे. मागच्या वर्षी एक बाळंतीण त्या टेकाडावरच दगावली होती.

"जीप रुतते, ट्रॅक्टर रुततो," बाई म्हणाल्या. "अण्णा, काहीतरी हलकं करून द्या."

अण्णांकडे दोन शिष्य होते. भार्गव अकरा वर्षांपासून होता, इलियास दोन. अण्णांनी दोघांपुढे लोखंडी नळ्यांचे एकसारखे सांगाडे ठेवले आणि सांगितले, "इंजिन ज्याचं त्यानं निवडायचं. टेकाड चढेल ती गाडी वस्तीला जाईल."

त्याच संध्याकाळी भार्गवने मागच्या पडवीतली जुनी इंजिने पाहून मनाशी निवड केली होती. मोटारसायकलचे एक इंजिन त्याला योग्य वाटले. दोघांना सहज उचलता येईल असे हलके, हवेवर थंड होणारे. पाण्याची टाकी नको की तिचे ओझे नको. परंतु सकाळी तो पडवीत आला, तेव्हा त्याच इंजिनावर हात ठेवून इलियास उभा होता.

"दादा, मला हे बरं वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?"

भार्गवने इंजिनावरचा तो हात पाहिला. आठवड्यापूर्वी इलियासच्या वेल्डिंगवरून बोट फिरवून अण्णा म्हणाले होते, "हात चांगला आहे." तेवढेच शब्द. ते ऐकण्यासाठी भार्गव अकरा वर्षे थांबला होता, आणि ते त्याच्या देखत दुसऱ्याला मिळाले होते.

"वाटतंय तर घे," तो म्हणाला, आणि त्याने जीपचे इंजिन ओढून काढले. ते उचलायला चार माणसे लागली. लहान इंजिन म्हणजे नवशिक्याचा भित्रेपणा, असे त्याने स्वतःला पटवले. चार दिवसांत ते पटलेही.

पाचव्या दिवशी इलियास चेन बसवत होता. भार्गवने सहज पाहिले, आणि त्याची नजर तिथेच थांबली. चेनचे मागचे चक्र लहान होते. सपाटीवर गाडी पळाली असती. पण वाळूच्या चढावर लहान इंजिनाला मोठे चक्र लागते, नाहीतर जोर अपुरा पडतो आणि ते अर्ध्यातच दम टाकते. एक वाक्य सांगितले असते तर पुरले असते. भार्गवने हात पुसले आणि तो जेवायला गेला. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागले.

चाचणीच्या दिवशी सारी वस्ती जमली. भार्गवची गाडी आधी निघाली. ओल्या घट्ट वाळूवरून ती अशी गर्जत गेली की पोरांनी टाळ्या पिटल्या. टेकाडाच्या पायथ्याशी कोरडी वाळू लागली आणि मागची चाके रुतली. भार्गवने जोर दिला, तशी ती आणखी खोल गेली. पाहता पाहता गाडी बुडावर बसली. कोणीतरी हसले.

इलियासची पाळी आली. कमळजाबाई पुढे होऊन त्याच्या गाडीत मागच्या आसनावर बसल्या. "आमची बायामाणसं बसायची यात. आधी मी बसते."

इलियासने किल्ली फिरवली. इतक्यात अण्णा म्हणाले, "इलियास, उतर. ही गाडी भार्गव चालवेल."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. ज्याची गाडी रुतली, त्याच्याच हाती दुसऱ्याची गाडी? इलियासचा चेहरा उतरला. पण तो मुकाट्याने खाली आला. भार्गव बसला. समोर टेकाड होते, मागे कमळजाबाईंनी दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली होती. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडले तर गाडी मागे घसरणार, कदाचित उलटणार, हे त्याला लख्ख दिसले. त्याचे हात सुकाणूवरून खाली आले.

"अण्णा, ही नाही चढणार. मागचं चक्र लहान आहे."

"कधी कळलं?"

"तीन दिवस झाले."

इलियासने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. भार्गवला ते रागाहून जड गेले.

"तुम्हालाही दिसलं असेल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो," अण्णा म्हणाले. "आजही गाडी निघू दिली नसतीच. भार्गव, तुला इंजिन कळत नाही असं नाही. माझ्या खालोखाल तुलाच कळतं. पण जीपचं इंजिन तू वाळूसाठी निवडलं नाहीस, इलियाससाठी निवडलंस. वाळूला काय हवं हे विचारायचं सोडून, याच्यापेक्षा मोठं काय हे पाहिलंस. मत्सराचं असंच असतं बाबा. आपल्याला जे येतं, तेच तो आपल्याकडून काढून घेतो. आणि चुकलो मीही. तुझा हात चांगला आहे हे तुला ठाऊकच असेल, असं धरून चाललो."

भार्गव उतरला, त्याने नट खोलायचे पाने काढले आणि तो मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसला. थोड्या वेळाने इलियास त्याच्या शेजारी येऊन बसला. कार्यशाळेतून मोठे चक्र आणवले, चेनमध्ये कड्या वाढवल्या. दोघांत कामापुरतेच बोलणे झाले.

ऊन कलले तेव्हा इलियासने गाडी काढली. कमळजाबाई पुन्हा मागे बसल्या. लोक इलियासच्या नावाने ओरडू लागले, आणि भार्गवला तोच जुना मत्सर पुन्हा डसला. तो गेला नव्हता. चढ सुरू झाला, तसा इंजिनाचा आवाज जड होऊ लागला.

भार्गव वाळूतून धावत सुटला. "पहिला टाक!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "इलियास, पहिला गिअर!"

इलियासने ऐकले. आवाज मोकळा झाला आणि गाडी टेकाडापलीकडे उतरून दिसेनाशी झाली. भार्गव धापा टाकत चढावरच बसला. मागून अण्णा हळूहळू आले आणि त्याच्याशेजारी वाळूत बसले.