मुठीचं धान्य

गावच्या ख्रिस्ती मंडळीत नवे पाळक आले, रेव्हरंड एलीशा पाटोळे. माणूस विद्वान. आल्या आल्या त्यांनी विश्वासाच्या प्रश्नोत्तरांची पुस्तिका छापून वाटली आणि बजावलं, ज्याला उत्तरं येणार नाहीत त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही.

दोन वर्षांनी एका रविवारी भर चर्चमध्ये त्यांनी सत्तरीच्या सुलवंताबाईंना उभं केलं. "सांगा बाई, प्रार्थना म्हणजे काय?"

"पुस्तकातलं नाही सांगता यायचं, पाळकसाहेब. मला वाचता कुठं येतंय?"

"मग जन्मभर इथं येऊन शिकलात तरी काय?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई मात्र डगमगल्या नाहीत.

"मूठ शिकले. रोज चूल पेटवायच्या आधी पाळकासाठी मूठभर धान्य बाजूला काढायचं, अन् मूठ सोडताना त्याच्या घरातल्या एकेकाचं नाव देवापुढं घ्यायचं. जुन्या पाळकांनी शिकवलं तसं. प्रार्थना म्हणजे काय ते मला कशाला विचारता? दोन वर्षं तुम्ही तीच जेवताय."

आता कुणी हसलं नाही. पाटोळ्यांनी पहिली भाकर बाईंनाच दिली, पण त्यांच्या नजरेला नजर देववली नाही. घराघरांतून दर आठवड्याला आलेली ज्वारी, बाजरी, गहू सगळं एकात एक मिसळलेलं; दळायच्या कामाचं नाही म्हणून पहिल्या आठवड्यापासून ते कोंबड्यांना टाकत आले होते.

दुपारी ते घरी आले. कोंबड्या नेहमीसारख्या पायाशी धावल्या. त्यांनी सवयीनं त्या धान्याच्या डब्यात हात घालून मूठ भरली, पण ती काही केल्या उघडेना.