येसाईचं विरजण

एका गावात येसाई नावाची एक म्हातारी गवळण राहत होती. तोंड पोळलेलं नसतानाही ती ताक फुंकून प्यायची. गाव तिला हसायचं.

गावचं दही राज्यभर नावाजलेलं, त्यावरच गाव जगायचं. तिथं एक रीत होती. विरजण मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि नेणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी आपल्या दह्यातलं चमचाभर परत आणून द्यायचं.

एकदा एका परदेशी व्यापाऱ्यानं येसाईकडून विरजण नेलं. परत काही आणलं नाही. येसाईनं ते मनात ठेवलं.

वर्षानं तो आला तो गाडीभर बाटल्या घेऊन. "माझ्या प्रयोगशाळेतलं विरजण! घटकेत दही लागतं, आठ दिवस आंबट होत नाही. घ्या, फुकट!"

गाव तुटून पडलं. येसाईनं विचारलं, "शेटजी, उद्या चमचाभर परत आणून देऊ ना?"

"छे! परत कशाला? संपलं की माझ्याकडूनच न्या."

येसाईच्या मनात पाल चुकचुकली. तिनं आपल्या दह्यात एक फडकं बुडवलं, सावलीत वाळवलं आणि फडताळात जपून ठेवलं. बाकीच्यांनी जुनं विरजण टाकून मडकी घासली.

नव्या दह्यानं पुढचं दही लागेना. दूध नासायचं. रोज नवी बाटली हवी, आणि बाटली आता फुकट नव्हती. लोक येसाईच्या दारी आले, हसणारे सगळ्यांत पुढे. तिनं फडकं कोमट दुधात भिजवलं, दही लावलं आणि घरोघर विरजण दिलं.

व्यापारी राजाकडे धावला. या चवीचं विरजण त्याचंच, असा राजमुद्रेचा कागद त्यानं आधीच मिळवला होता. "महाराज, ही बाई माझं विरजण चोरते!"

राजानं येसाईला बोलावलं. कागद खरा ठरला, तर विकतच्या बाटलीशिवाय गावात एकाही घरी दही लागणार नव्हतं. ती म्हणाली, "महाराज, त्याच्या कालच्या दह्यानं आज दूध विरजा. माझ्याही दह्यानं विरजा. सकाळी बघा."

सकाळी येसाईच्या मडक्यात सुरीनं कापावं असं दही होतं. दुसऱ्यातलं दूध फाटलं होतं. "ज्याला स्वतःचं दही पुढं चालवता येत नाही, तो विरजणाचा मालक कसला?" असं म्हणून राजानं कागद फाडला.

निघताना व्यापारी हळूच म्हणाला, "आजी, चमचाभर मिळेल?"

नाही म्हणायची रीत नव्हती. येसाईनं दिलं. "पण आता इथंच बस आणि दही लाव," ती म्हणाली. "उद्या माझा चमचा परत आला की जा."

तात्पर्य: फुकट देऊन परत काहीच न घेणारा आपल्याला कायम मागायला लावतो; नवं जरूर घ्यावं, पण घरचं मोडू नये.