सॉरीचं मूळ

"सॉरी म्हटलं ना मी, बाबा! आणखी काय पाहिजे हिला?"

मठाच्या ओट्यावर टेकायच्या आधीच उन्मेष सर बोलून मोकळे झाले. कॉलेजात इंग्रजी शिकवतात. लग्नाला जेमतेम महिना झालेला. मागे वैजयंता उभी, हातात बॅग. दुपारच्या बसनं ती माहेरी निघाली होती, परत न येण्यासाठी.

सोहनगीरबाबा पंगतीच्या पत्रावळी पुसत होते.

"केलंस काय?"

"पूजेला हिचे वडील आमच्याकडे आले होते. माझ्या पाहुण्यांसाठी इंग्रजीची दोन वाक्यं पाठ करून आलेले. मी जरा नक्कल केली. सगळे हसले. चेष्टा हो ती!"

"आणि ते?"

"भरल्या पानावरून उठले," वैजयंता म्हणाली. "रोज फोन करायचे. आता आई करते."

"मग तू सॉरी म्हणालास," बाबा म्हणाले.

"हिला. पाहुणे गेल्यावर, स्वैपाकघरात. नुसतं म्हणालो नाही, शब्दाचं मूळही समजावलं. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता वेदनेनं भरलेला. झिजत झिजत आता लोक धक्का लागला तरी म्हणतात. मी मात्र मूळ अर्थानं म्हणतोय, असंही सांगितलं!"

वैजयंतानं आढ्याकडे पाहिलं.

"वेदना कुणाला झाली?" बाबांनी विचारलं.

"हिच्या वडिलांना. म्हणजे... हिलाही."

"मग हा शब्द तुझ्याकडं आला कुठून?"

सर भडकले. "माझी परीक्षा कसली घेताय? समजवायचं तर हिला समजवा!"

बाबांनी त्यांच्यापुढं पत्रावळ ठेवली.

"बस. पंगत मांडतोय."

पंगत बसली. सरांच्या समोरच एक पागोटेवाले म्हातारे आले.

"आता कर ती नक्कल," बाबा म्हणाले.

"इथं?"

"का? तिथं केलीस ना!"

सरांनी रागानं घसा खाकरला आणि सासऱ्यांच्या आवाजात, तसंच अडखळत, पहिलं वाक्य म्हटलं.

कुणी हसलं नाही.

म्हाताऱ्यांनी तोंडाशी नेलेला तांब्या खाली ठेवला. शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

"ऐक, ऐक. साहेब इंग्रजी बोलतायत. बोला साहेब... लई झ्याक बोलता."

सरांना दुसरं वाक्य येईना. कान लाल झाले. त्यांनी वैजयंताकडं पाहिलं, मग पुन्हा त्या म्हाताऱ्यांकडं. ओठ 'सॉ...' वरच अडखळले.

वाढपी भात घेऊन आला.

बाबांनी त्याचा हात धरला.

"याला नको अजून. आत्ता कुठं याच्या तोंडात काहीतरी आलंय."