दोन पॉइंट नऊ

"बाकी सगळे भाग जोरात, एकच लंगडा. मग अख्ख्या मशीनला नंबर लंगड्याचा का, उस्ताद?"

हा प्रश्न महारुद्रनं तालुक्यातल्या कॉम्प्युटरच्या तिन्ही दुकानांत विचारून झाला होता. उत्तर कुणी दिलं नाही. नवीन मशीन मात्र तिघांनीही दाखवली.

"शहाणे आहेत तिघं," हबीब उस्ताद म्हणाले.

दर्ग्याच्या ओवरीत बसून ते रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत काहीही दुरुस्त करीत आणि बोलणं जमेल तितकं टाळीत.

कॉम्प्युटर महारुद्रच्या थोरल्या भावाचा, नवनाथचा. लहानपणापासून एका पायानं अधू असलेला नवनाथ त्यावर गावाचे फॉर्म भरून देई. त्याला जाऊन एकवीस दिवस झाले होते. महारुद्र सहावीतून शाळा सोडलेला, डोक्यानं तापट. "तुझ्यामुळं आम्ही सगळे मागं राहतो," असं तो भावाला बोलून बसला होता. ते बोलणं आता काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

मशीननं स्वतःच स्वतःला दिलेले गुण पडद्यावर होते. उस्तादांनी ते बोट फिरवत वाचले. प्रोसेसर सहा पॉइंट आठ. मेमरी साडेसहा. हार्ड डिस्क पाच पॉइंट नऊ. ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड, दोन पॉइंट नऊ.

आणि बाजूला, ठळक अक्षरांत, सगळ्या मशीनचा आकडा... दोन पॉइंट नऊ.

"सरासरी का नाही काढत?"

"बाकीचे त्याच्यासाठी थांबतात म्हणून."

"म्हणजे दोष त्याचाच! उपटून फेका ना ते कार्ड."

उस्तादांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

मग मशीन बंद केली. स्क्रू काढला, ग्राफिक्सचं कार्ड ओढून काढलं, महारुद्रच्या तळहातावर ठेवलं. पुन्हा बटण दाबलं.

आत पंखा गरगरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

"वाच आकडा."

"काहीच दिसत नाही, उस्ताद."

"आत सगळे पळताहेत की. आता कुणासाठी थांबायचं नाही."

महारुद्रची मूठ कार्डावर आवळली.

"लग्नाला निघालो होतो," तो एकदम म्हणाला. "फाट्यावर एसटी उभी. मी पळत पुढं गेलो. कंडक्टर ओरडतोय, चढ लवकर. दादा अजून पांदीच्या वाटेतच. तिथनं हाक मारली त्यानं, तू हो पुढं, मी येतो मागनं... तेव्हा बोललो मी ते. सगळ्यांदेखत."

"हं."

"चौथ्या दिवशी दादाच्या छातीत कळ आली, आणि..."

पंखा गरगरत राहिला.

"मनाला लावून घेतलं असेल का त्यानं, उस्ताद?"

"एसटीचं काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"गेली."

"आणि तू?"

"मी कसा जाणार? दादा यायचा होता ना! शिव्या घालत उभा राहिलो तिथंच, उन्हात."

उस्तादांनी हात पुसले.

"त्याच्यासाठी उभा राहिलास ना, पोरा?"