डाव्या गालावरची सावली

एका पेठेच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. माणसाचा चेहरा टिपावा तो त्यांनीच, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या हाताखाली एक शिष्य तयार झाला. डोळे चौकटीत किती उंचीवर यावेत, माणूस जिकडे पाहतो तिकडे किती मोकळी जागा सोडावी, हे सारे त्याने आत्मसात केले. वर स्वतःची एक शैलीही कमावली. त्याच्या छायाचित्रांत उजवा गाल उजळलेला आणि डावा गडद छायेत बुडालेला असे. पाहणारे म्हणत, "काय गूढ आहे!" जे दिसत नाही त्याला गूढ म्हणण्याची लोकांना हौसच असते, पण शिष्य त्या कौतुकाने सुखावून जाई.

एके दिवशी एक व्यापारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. त्याचे वडील नुकतेच वारले होते आणि त्यांचे एकच छायाचित्र घरात होते, शिष्याने काढलेले. व्यापारी संकोचून दाराशीच थांबला. आईने मात्र ते शिष्यापुढे ठेवले आणि विचारले, "बाळ, ह्यांचा हा गाल कुठं गेला?"

"आजी, तो सावलीत आहे. रचनाच तशी केली आहे."

"अरे, हसले की त्याच गालाला खळी पडायची. जन्मभर पाहिली मी ती. आता आठवायला गेले तर पुसट होते रे. जरा उजेड पाडून दे ना तिथं."

जे टिपलेच नव्हते, ते उजळणार कसे? म्हातारी पदराने डोळे पुसत निघून गेली, तसा शिष्य गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, रचनेत तर कुठंच दोष नाही. मग माझं चुकलं काय?"

वृद्धांनी त्याला खुर्चीवर बसवले आणि दिवा उचलून त्याच्या डाव्या गालावर धरला. शिष्याने नकळत मान फिरवली. वृद्ध दिवा घेऊन तिकडे गेले. मान आणखी फिरली. असे होता होता शिष्य भिंतीकडे तोंड करून बसला, आणि गुरुजी दिवा धरून त्याच्यामागे उभे.

"कुठं निघालास?" त्यांनी हसून विचारले.

शिष्याचा हात आपोआप डाव्या गालावर गेला. तिथे लहानपणी भाजल्याचा मोठा डाग होता. त्याने स्वतःची कितीतरी छायाचित्रे काढली होती. एकातही तो डाग आला नव्हता.

वृद्धांनी दिवा खाली ठेवला. "अरे, भाजला होता तुझा एकट्याचा गाल. झाकलास मात्र साऱ्या गावाचा. खुर्चीत कुणीही बसो, दिवा लावताना तू तिथं स्वतःलाच पाहत आलास. आपल्याला जे लपवायचं असतं, ते आपण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरही झाकत सुटतो. त्याच्या त्या जागी काय आहे, हे पाहायचं सुचतच नाही. तुझ्या त्या जागी डाग होता. त्यांच्या त्या जागी खळी होती."

"आता आजींना काय देऊ?"

"ते गेलं," वृद्ध शांतपणे म्हणाले. "ते आता कुणालाच देता येणार नाही."

शिष्य मग उठला, दिवा डावीकडे ठेवला, कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि खुर्चीत येऊन बसला. मान वळू पाहत होती. त्याने ती वळू दिली नाही.

त्यानंतर कुणीही आले की तो आधी चार गोष्टी बोले, माणूस खुलून हसू लागला की मगच दिव्याकडे वळे. कुणाच्या डाव्या गालावर खळी निघे, कुणाच्या एखादा व्रण. बहुतेकांच्या गालावर काहीच नसे. इतकी वर्षे आपण ते कशासाठी झाकले, याचेच त्याला नवल वाटे.